पेशीची तालीम

पलटणीत त्यांना हुद्द्यानं ओळखणारे दोनच: साहेबलोक आणि पगारपत्रक. बाकी सगळे त्यांना तालीममास्तर म्हणत. हुद्दा हवालदाराचा, काम गार्डरूमचं. तीन कोठड्या, एक बाकडं, चाव्यांचा जुडगा आणि कोठड्यांच्या लाकडी भिंतीवर टांगलेली एक पाटी, एवढं त्यांचं साम्राज्य. पाटीवर कोठडीत ठेवलेल्या माणसाचे हक्क ठळक अक्षरांत रंगवलेले होते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ते दारातूनच दिसत. आतल्या माणसाला मात्र ते वाचायला आधी सुटावं लागे. यात कुणाचा कावा नव्हता. खिळा तिथंच होता. खिळा लांब असल्यामुळं त्याचं टोक आतल्या बाजूला बाहेर आलं होतं आणि त्यावर कैदी टॉवेल वाळत घालत. हक्कांचा आत तेवढाच उपयोग होता, पण होता.

नियमाप्रमाणं हे हक्क प्रत्येक नव्या कैद्याला वाचून दाखवायचे असत. मास्तर ते कुलूप लावता लावता एका श्वासात म्हणत. सुरुवातीला जोर, मध्ये गुणगुण आणि शेवटी पुन्हा जोर. ऐकणाऱ्याला काहीतरी पवित्र झाल्यासारखं वाटे आणि तो नकळत मान लववी. मान लववली की समजलं, असं मास्तर समजत.

तालीममास्तर हे नाव मात्र त्यांना जुन्या नादावरून पडलं होतं. उमेदीच्या काळात पलटणीच्या नाटकात त्यांना दूताचं काम मिळालं होतं. दूताला एकच वाक्य. ते त्यांनी चोख म्हटलं. पण त्यानंतर राजाचं, प्रधानाचं आणि राणीचंही त्यांनीच म्हटलं, ओठांतल्या ओठांत, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. राणीचं काम करणाऱ्या क्लार्कनं चिडून मध्येच पदर खोचला. पुढच्या नाटकापासून मास्तरांना पडद्याआड प्रॉम्प्टर म्हणून बसवलं आणि तिथं त्यांचं सोनं झालं. कुणाचा घसा सुकला, कुणाची ततपप झाली, की आतून शब्द हजर. नाटकं बंद पडली, सवय राहिली. घरात बायको पाहुण्यांना काही सांगू लागली तरी मास्तरांचे ओठ हलत. ती म्हणे, "अहो, मला येतंय."

गार्डरूममध्ये आल्यावर त्यांनी पाहिलं की पेशी, म्हणजे मोठ्या साहेबांसमोरची सुनावणी, अगदीच ढिसाळ चालते. कैदी अडखळतात, भलत्याच पायानं वळतात, एकजण तर साहेबांच्या टेबलाला सलाम करून परत फिरला होता. मास्तरांनी मनावर घेतलं. आदल्या संध्याकाळी तालीम सुरू झाली. उपडी बादली म्हणजे साहेबांचं टेबल. बादलीमागं मास्तर म्हणजे साहेब. टोपी नाही, पट्टा नाही, अशा अवस्थेत कैद्यानं आत यायचं, थांबायचं, नजर साहेबांच्या डोक्यावरच्या घड्याळात रोवायची. मग तीन प्रश्न. माझ्यापुढं पेशी चालवायला तुझी हरकत आहे का? आपल्या बाजूनं बोलायला कुणाला आणायचंय का? आणखी काही सांगायचंय का? तिन्हींचं उत्तर "नाही, साहेब" हेच असल्यामुळं पाठांतराला सोपं जाई. एवढं करूनही प्रत्यक्ष पेशीत कुणाची दातखीळ बसलीच, तर मागं उभे असलेले मास्तर होतेच. साहेबांना उत्तर आल्याशी मतलब. ते कुठल्या तोंडातून आलं हे बघायला ते मान वर करत नसत. पेश्या इतक्या झटपट उरकू लागल्या की साहेबांचा चहा गार होणं बंद झालं. मास्तरांना त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जीप हौदात गेली.

मास्तरांचा जावई पलटणीतच ड्रायव्हर होता. लेकीनं स्वतः निवडलेला. माणूस सरळ, निर्व्यसनी, कमी बोलणारा, पण जे बोलायचा ते नेमकं नको तिथं. संध्याकाळी तो बासरी वाजवी. बासरीनं मात्र त्याला अजून आपलं म्हटलं नव्हतं. एका सकाळी मोठ्या साहेबांनी त्याला हुकूम दिला की जीप काढ आणि उतारावरून खाली पाहुण्यांना आणायला चल. जावई म्हणाला, ब्रेक लागत नाही. साहेब म्हणाले, सबबी नकोत. जावई म्हणाला, "गाडी तुमची, पाय तुमचा. दाबून बघा." साहेबांनी त्याला खाली उतरवलं, स्वतः चाक हातात घेतलं आणि पाय दाबत दाबत ते फुलांच्या वाफ्यांतून थेट अधिकाऱ्यांच्या क्लबसमोरच्या शोभेच्या हौदात गेले. साहेबांना खरचटलंही नाही. हौदाची भिंत गेली, जीपचं नाक गेलं आणि रंगीत मासे लॉनवर आले.

त्याच दिवशी जावयावर आरोप ठेवले गेले: हुकूम मोडणे आणि सरकारी मालमत्तेची हानी, माशांसह. पेशी मोठ्या साहेबांपुढं. म्हणजे फिर्यादी तेच, साक्षीदार तेच आणि न्याय देणारेही तेच. आरोपी तेवढा दुसरा होता, नाहीतर काम अगदी एकहाती झालं असतं. शिक्षा काय होणार हेही पलटणभर ठरून गेलं होतं. नोकरीवरून कमी करणार. नोकरी गेली की सरकारी क्वार्टर जाणार.

जावयाला गार्डरूमवर आणलं तेव्हा पहारेकरी मिशीत हसला. "मास्तर, तुरुंगात असतो तो सरकारचा जावई, असं ऐकलं होतं. हा तर दुहेरी निघाला."

"चावी दे आणि गप उभा राहा," मास्तर म्हणाले.

पण अडचण खरीच होती. कैद्याला "अरे-तुरे" करायचा रिवाज; जावयाला "तुम्ही" म्हणायचा धर्म. मास्तरांनी यातून अशी वाट काढली की माणूसच वाक्यातून काढून टाकला. "आत यावं. पट्टा काढून ठेवावा. बसावं." मग कुलूप लावताना त्यांनी हक्कांचं पठण सुरू केलं.

"मामा, जरा हळू," जावई आतून म्हणाला. "मधलं कळलं नाही."

मास्तर थांबले. इतक्या वर्षांत मधलं कुणी मागितलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, कारण मधूनच त्यांना येत नव्हतं.

दुपारी लेक डबा घेऊन आली. जाळीतून डबा आत सरकवून ती बापाकडं वळली. "बाबा, उद्या काय होणार?"

"तालीम चांगली झाली तर पटकन होईल."

"पटकन म्हणजे पटकन काढून टाकतील. मग आम्ही कुठं जायचं?"

मास्तर चाव्यांचा जुडगा चाळू लागले. लेक म्हणाली, "आई म्हणाली, पुढची खोली रिकामी करून ठेवते. मी म्हटलं राहू दे, बाबांचा काही वट असेल पलटणीत. तर ती हसली."

"तिला हसायला काय जातं," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढं पुढची खोली आली, त्या खोलीतली त्यांची आरामखुर्ची आली आणि त्या आरामखुर्चीत बासरी घेऊन बसलेला घरजावई आला. अन्याय म्हणजे काय, हे त्यांना प्रथमच इतकं स्पष्ट दिसलं.

तिन्हीसांजेला बादली उपडी झाली. जावई आत आला, थांबला, नजर भिंतीत रोवली. चाल चोख होती. मास्तरांनी साहेबांचा आवाज काढला. "माझ्यापुढं पेशी चालवायला काही हरकत?"

"आहे म्हटलं तर?" जावयानं विचारलं.

"असं कुणी म्हणत नाही."

"पण म्हटलं तर काय होतं, मामा?"

मास्तरांनी बादली जरा सरकवून घेतली. नाटकाची पुढची पानंच कुणी फाडून नेलेली असावीत, तसं झालं. इतक्या पेश्या बसवल्या, पण हा प्रवेश कधी झालाच नव्हता. हरकत आहे म्हटल्यावर साहेब काय म्हणतात, कुठल्या दारानं जातात, आरोपी उभा राहतो की बसतो, काहीच ठाऊक नाही. प्रॉम्प्टरला यापेक्षा मोठी नामुष्की नाही.

"विचारून सांगतो," ते म्हणाले.

विचारायचं कुणाला, हा प्रश्न नव्हता. पलटणीला एक कायदे अधिकारी होता. बँडची वाद्यं ठेवायच्या खोलीला लागून त्याचं ऑफिस होतं. तरुण कॅप्टन, लोक त्याच्याकडं भाड्याचे करार वाचून घ्यायला जात. मास्तर गेले तेव्हा तो शेजारच्या खोलीतल्या ढोलाच्या स्टुलावर पाय टेकून पेन्सिलीला टोक काढत होता.

"साहेब, एक कल्पना म्हणून विचारतो," मास्तर म्हणाले. "पेशीत समजा कुणी म्हणालं, हरकत आहे. तर?"

कॅप्टननं पाय खाली घेतले. पेन्सिल ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसा बायको माहेरी जाते म्हटल्यावर काहींच्या येतो. "खरंच कुणी म्हणतंय?"

"कल्पना म्हणून."

"जीपवाली कल्पना?"

"तीच."

"हवालदार, मी इथं रुजू झालो तेव्हापासून याची वाट बघतोय. साहेब स्वतः फिर्यादी असताना आरोपीनं हरकत घेतली तर साहेबांना ती पेशी चालवताच येत नाही. बाहेरच्या ठाण्यावरून दुसरा अधिकारी बोलवावा लागतो. साहेबांना मग खुर्ची सोडून साक्षीदार म्हणून उभं राहावं लागतं."

"उभं?"

"बसायला परवानगी मागू शकतात."

हे चित्र मास्तरांना एकदम पेलवलं नाही.

"फक्त एक," कॅप्टन म्हणाला. "हरकत आरोपीनं स्वतःच्या तोंडानं घ्यायला हवी. पेशीआधी त्याला घाबरवून किंवा मागून कुणी टोचून उत्तर घेतलेलं चालत नाही. आणि मी उद्या येणार आहे बघायला. नियमात मला बसता येतं. कधी बसलो नाही, एवढंच."

मास्तर परतले ते विचार करत. लेकीचं घर वाचायचं तर जावयानं "आहे" म्हणायला हवं. जावयानं "आहे" म्हटलं की साहेब विचारणार, याला शिकवलं कुणी? आणि या पलटणीत शिकवणारा एकच. निवृत्ती जवळ आलेली. घरी बायकोनं पुढच्या खोलीतून आरामखुर्ची खरोखरच हलवली होती.

"कुठं ठेवली?" त्यांनी विचारलं.

"मागं. जावईबापूंना वारा लागायला नको का."

"ती जागेवर ठेव," मास्तर म्हणाले आणि चपला न काढताच पुन्हा गार्डरूमवर गेले.

दुसऱ्या तालमीत जावई न अडखळता म्हणाला, "आहे, साहेब." मास्तरांनी पाच-सहा वेळा घोटून घेतलं. आवाज जरा खाली, म्हणजे उद्धट वाटणार नाही. पण इतकाही खाली नको की ऐकू येणार नाही. दर वेळी "आहे, साहेब" झालं की तालीम तिथंच थांबे, कारण पुढं साहेब काय म्हणतात हे साहेबांची भूमिका करणाऱ्याला माहीत नव्हतं.

"मामा, तुम्ही घाबरलात का?" जावयानं जाळीतून विचारलं.

"घाबरायला काय झालं. झोपावं आता."

सकाळी पेशी भरली. साहेब टेबलामागं. टेबलावर चहा. कोपऱ्यात कायदे अधिकारी. त्याच्यासाठी खुर्ची नव्हती, म्हणून तो ढोलाचं स्टूल घेऊन आला होता. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, स्टुलाकडं पाहिलं आणि दुर्लक्ष करायचं ठरवलं. मास्तरांनी जावयाला आत आणलं. डावा, उजवा, थांब. इतकी सुबक चाल त्या खोलीनं क्वचितच पाहिली असेल. मास्तर नेहमीच्या जागी, कैद्याच्या मागं, डाव्या खांद्याशी.

साहेबांनी आरोप वाचले. माशांपाशी जरा अडखळले. मग मान खालीच ठेवून, उत्तर आधीच लिहीत विचारलं, "माझ्यापुढं पेशी चालवायला काही हरकत?"

"आहे, साहेब," जावई म्हणाला.

"नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

दोन्ही उत्तरं एकाच वेळी आली. एक समोरून, एक मागून. मास्तरांनी तोंडावर हात नेला, पण शब्द निघून गेला होता. अनेक वर्षं त्या जागी उभं राहून त्या प्रश्नानंतर जे होत आलं होतं, ते आपसूक झालं होतं. जावयानं घड्याळावरची नजर ढळू दिली नाही, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

साहेबांनी मान वर केली. ही घटना त्या खोलीत पहिलीच. "दोन उत्तरं आली?"

"मी ‘आहे’ म्हणालो, साहेब," जावई म्हणाला.

"मग ‘नाही’ कोण म्हणालं?"

"मी, साहेब," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही, साहेब. सवय."

कोपऱ्यात स्टूल करकरलं. कायदे अधिकाऱ्यानं अत्यंत नम्रपणे, पेन्सिल सावरत विचारलं, "हवालदार, ही सवय जुनी आहे का?"

मास्तर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्यांची वाक्यं म्हणण्यात आयुष्य गेल्यामुळं स्वतःचं खोटं रचायचा सराव नव्हता. "गार्डरूमला आल्यापासूनची, साहेब. कुणाचा घसा सुकला तर."

"म्हणजे या आधीच्या पेश्यांमध्ये आरोपीच्या ऐवजी..."

"बऱ्याचदा, साहेब."

"हो का," कॅप्टन म्हणाला. "मग त्या सगळ्या पेश्या पुन्हा..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती. साहेबांना मागच्या अनेक वर्षांतले शिपाई, खानसामे, ड्रायव्हर आणि बिगूलवाले एकामागून एक, टोपी नाही, पट्टा नाही, अशा अवस्थेत आत येताना दिसले असावेत. प्रत्येकाची नवी पेशी, प्रत्येकाला नवा अधिकारी आणि प्रत्येक वेळी साहेब उभे. त्यांनी चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता.

"आरोपीची हरकत," साहेब म्हणाले, "स्पष्ट आहे. मला ती स्पष्ट ऐकू आली. मंजूर. बाहेरून अधिकारी बोलवा. दुसरा आवाज आलाच नाही."

"साहेब, दुसरा आवाज..." कॅप्टन म्हणू लागला.

"त्याचं मी वेगळं बघतो. बँडच्या खोलीतलं स्टूल जागेवर नेऊन ठेवा."

बाहेरच्या ठाण्यावरून आल्या त्या एक मेजरबाई, बुटक्या, सर्दी झालेल्या. त्यांनी आधी जीप मागवली. ती पुरावा म्हणून जशीच्या तशी ठेवलेली होती, सीटवर शेवाळ. बाई स्वतः आत बसल्या, ब्रेकवर पाय ठेवला आणि त्यांचा पाय थेट तळाला टेकला. त्या उतरल्या, नाक पुसलं आणि साहेबांना साक्षीला उभं केलं.

"ब्रेक लागत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"ड्रायव्हरनं."

"मग?"

"मला वाटलं कामचुकारपणा करतोय."

"हौदात गेल्यावर काय वाटलं?"

साहेबांनी बसायला परवानगी मागितली.

जावई सुटला. "पाय तुमचा" या शब्दांबद्दल त्याला सक्त ताकीद मिळाली, ती त्यानं मान लववून घेतली. लेकीचं क्वार्टर राहिलं. मास्तरांची आरामखुर्ची पुढच्या खोलीत आली. बासरी संध्याकाळी क्वार्टरांच्या दोन ओळी पलीकडून ऐकू येई आणि इतक्या अंतरावरून ती जवळजवळ सहन होई.

साहेबांनी वेगळं बघायचं म्हटलं होतं, ते त्यांनी बघितलं. पेशीत न विचारता बोलल्याबद्दल मास्तरांवर आरोप आला. रिवाजाप्रमाणं त्यांना टोपी-पट्टा काढून स्वतःच्याच गार्डरूममध्ये मधल्या कोठडीत बसावं लागलं. पहारेकऱ्यानं कुलूप लावलं आणि ओशाळून म्हणाला, "मास्तर, ते हक्कांचं मला पाठ नाही."

"पाटी वाच."

तो पाटीखाली उभा राहून एकेक शब्द सावकाश वाचू लागला. मास्तर आतून ऐकत होते. मधला भाग त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला. कैद्याला समजेल अशा रीतीनं सांगावे, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी खिळ्याच्या टोकावरचा टॉवेल काढला आणि घडी करून बाजूला ठेवला.

"तालीम घ्यायची का?" पहारेकऱ्यानं विचारलं. "बादली आणू?"

"तू चाल नीट ठेव. बाकीचं मी बघतो."

संध्याकाळी लेक आणि जावई डबा घेऊन आले. जावई जाळीतून म्हणाला, "मामा, वाजवू का थोडं? वेळ जाईल."

"कैद्याला काही हक्क आहेत," मास्तर म्हणाले. "पाटीवर बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं. पहारेकऱ्याची चाल वाकडी पडली, तरी मास्तरांनी स्वतःची सांभाळली. नजर घड्याळात. कोपऱ्यात कायदे अधिकारी, या खेपेला स्वतःच्या खुर्चीसह. साहेबांनी आरोप वाचला, पेन उचललं, पण आधीच काही लिहिलं नाही. मान वर करून थेट मास्तरांच्या तोंडाकडं बघत त्यांनी विचारलं, "माझ्यापुढं पेशी चालवायला काही हरकत?"

मास्तरांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. हे वाक्य ते किती तोंडांतून म्हणाले होते. स्वतःच्या मात्र नाही. घसा कोरडा पडला. तेवढ्यात मागून, डाव्या खांद्याशी, पहारेकरी काळजीनं कुजबुजला, "नाही, साहेब."

"गप रे," मास्तर मागं न बघता म्हणाले. "माझं वाक्य आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि चहा बाजूला सरकवला.